पदर आम्ही सांभाळू, साडीगार्ड कोण सांभाळणार?

रविवार उजाडला की आमच्या अंगणात गॅरेज भरतं. मोठ्या जाऊबाईंचा मुलगा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. सहा महिन्यांपूर्वी त्याने जुनी पल्सर घेतली, आणि तेव्हापासून दर रविवारी त्याचे तीन-चार मित्र आपापल्या गाड्या घेऊन हजर. एकाकडे वडिलांची स्प्लेंडर, एकाकडे हप्त्यावर घेतलेली बुलेट आणि एकाकडे मामाने दिलेली जुनी आरएक्स हंड्रेड. ती गाडी तो पोटच्या पोरीसारखी जपतो. पाने, पेचकस, रॉकेलचा डबा, जुन्या बनियनची फडकी असा सगळा पसारा मांडून ही मंडळी दुपारपर्यंत बसलेली असतात. पोहे आणि चहा पुरवण्याचं खातं अर्थात माझ्याकडे.

पोह्यांच्या बशा ठेवता ठेवता कानावर पडतंच. "बुलेट म्हणजे म्हैस रे. सरळ रस्त्यावर बघावी, वळणावर नाही." लगेच बुलेटवाला खवळतो, "आणि तुझी पल्सर? खड्ड्यात गेली की कंबर मोडते." मग स्प्लेंडरवाला शांतपणे म्हणतो, "भांडा तुम्ही. माझी गाय आहे गाय. लिटरभर पेट्रोल पाजलं की तालुक्याला जाऊन येते." आणि आरएक्सवाला काही बोलतच नाही, नुसती एक किक मारतो. त्या आवाजात सगळी चर्चा संपते!

खरं सांगू? मला हे ऐकायला आवडतं. या पोरांना अभ्यासाच्या पुस्तकातलं किती समजतं देव जाणे, पण गाडीचं त्यांना सगळं समजतं. एकदा मी सहज विचारलं, "अरे, ते हँडलिंग हँडलिंग म्हणता, ते म्हणजे काय?" तर पुतण्याने मला नीट समजावून सांगितलं. गाडीचं वजन किती, ते जमिनीपासून किती उंचावर आहे, पुढच्या चाकावर किती आणि मागच्यावर किती, टायर कसा आहे, शॉकअप कडक की मऊ, यावर गाडी वळणावर कशी वागणार ते ठरतं. बुलेटचं वजन पावणेदोनशे-दोनशे किलोच्या घरात, म्हणून ती सरळ रस्त्यावर डुलत नाही, पण गर्दीत वळवायला मनगटात जोर लागतो. आरएक्स हंड्रेड भारतात आली १९८५ मध्ये आणि बंद झाली १९९६ मध्ये. तिचं वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास आणि ताकद अकरा घोड्यांची, म्हणून ती नुसती पळते. मी म्हटलं, "एवढंच ना! डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन चालणारीला तुमचं हँडलिंग शिकवावं लागत नाही." पोरं हसली. पण खोटं आहे का सांगा?

तर परवाच्या रविवारी काय झालं, बशा उचलायला गेले तर तुळशीकट्ट्याच्या मागे लोखंडाचा एक ढीग पडलेला. दोन आरसे, मागे धरायचा दांडा, अर्धा कापलेला मडगार्ड आणि एक साडीगार्ड. साडीगार्ड म्हणजे मोटरसायकलच्या मागच्या चाकाला डाव्या बाजूने जी सळयांची जाळी असते ना, ती. मी विचारलं, "हे का काढलं रे?" तो म्हणाला, "काकू, लूक जातो ना गाडीचा! हे सगळ्यात आधी काढतात. सगळेच काढतात."

मी ती जाळी हातात घेतली. आणि माझा डावा खांदा ठणकायला लागला.

गोष्ट आहे १९९८ची. लग्नाला तीन वर्षं झाली होती. यांनी ओळखीच्या माणसाकडून जुनी मोटरसायकल घेतली होती. कोण आनंद झाला होता आम्हाला! आधीच्या मालकाने हौसेने त्या गाडीचं काय काय बदललेलं होतं, साडीगार्ड काढून टाकलेला होता. आमच्या दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही. गाडी घेताना यांनी इंजिनाचा आवाज ऐकला, टायर बघितले, कागदपत्रं बघितली. मी रंग बघितला. मला कोणी दुसरं काही बघायला सांगितलंच नव्हतं.

माहेरच्या लग्नाहून परत येत होतो. अंगावर नवी साडी, मांडीवर आहेराची पिशवी, एका बाजूला पाय सोडून मी बसलेली. एक हात पिशवीवर, दुसरा यांच्या खांद्यावर. पदर कमरेला खोचलेला होता, पण वाऱ्याने कधी सुटला कळलंच नाही. एकदम कोणीतरी मागून ओढावं तसा हिसका बसला, आणि पुढचं आठवतं ते थेट रस्त्यावरचं डांबर. गाडी हळू होती म्हणून जिवावर बेतलं नाही. डावा हात खांद्यातून मोडला. आजही तो हात पूर्ण वर जात नाही. अंबाडा घालायचा तर लेकीला हाक मारावी लागते.

पण मैत्रिणींनो, मोडलेल्या हाताचं दुःख मला तितकं नाही. दवाखान्यात, घरी, शेजारी, भेटायला आलेल्या प्रत्येकाने एकच वाक्य म्हटलं, "पदर सांभाळायचा ना गं!" सासूबाईंनी म्हटलं, आईनेसुद्धा म्हटलं. आणि मीही तेच धरून बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं की चूक माझीच. मी वेंधळी, माझा पदर सुटला, माझा हात मोडला. गाडीत एक वस्तू असायला हवी होती आणि ती कोणीतरी शोभेसाठी काढून टाकली होती, हे माझ्या डोक्यात यायला अर्धं आयुष्य जावं लागलं.

साडीगार्ड ही काही कंपनीने मेहेरबानी म्हणून दिलेली वस्तू नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम आहेत १९८९चे. त्यातला १२३ क्रमांकाचा नियम सांगतो की प्रत्येक मोटरसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं, कशासाठी, तर मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. बघा, कायदा करणाऱ्याला मागची सीट आठवली. आपल्या घरातल्यांना आठवत नाही!

आणि यात फक्त साडीच येते असं नाही. ओढणी येते, बुरखा येते, शालीचं टोक येतं, पावसाळ्यात रेनकोटचा घोळ येतो, आजोबांच्या धोतराचा सोगासुद्धा येतो. चाक एकदा फिरायला लागलं की कपडा कोणाचा हे ते बघत नाही. अडकलेलं कापड सुटत नाही, उलट गुंडाळत जातं, आणि ते ज्याच्या अंगावर आहे त्याला खाली ओढतं. ओढणी गळ्याभोवती असेल तर काय होईल, हे मी लिहीत नाही. तुम्ही पेपर वाचताच.

आता कोणी म्हणेल, झालं, बाईंनी पोरांच्या हौसेवर घसरायला सुरुवात केली. तसं मुळीच नाही. गाडी आपल्या गरजेप्रमाणे बदलून घेणं ही तर आपल्याकडची जुनी कला आहे. आमचा दूधवाला बघा. गाडीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे जोडून चार कॅन अडकवतो. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगाणी या शेतकऱ्याने तर बुलेटचं मागचं चाक काढून तिथे औतं जोडली आणि बुलेटने शेत कसलं. बैल सांभाळणं परवडत नव्हतं, म्हणून डोकं चालवलं. 'बुलेट सांती' म्हणून ते यंत्र पुढे नावाजलं गेलं. अपंग बंधू-भगिनींच्या स्कूटरला मागे दोन जादा चाकं लावलेली आपण बघतोच. तेही रीतसर परवानगी घेऊन करता येतं, आणि त्यामुळे कितीतरी जणी आज स्वतः नोकरीवर जातात.

म्हणजे बदल वाईट नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की बदल कोणासाठी? दूधवाल्याने आकडे जोडले ते कामासाठी. मनसुखभाईंनी औत जोडलं ते पोटासाठी. आणि आमचा पुतण्या साडीगार्ड काढतो ते कोणासाठी? रस्त्यावरून बघणाऱ्यासाठी! जी रोज त्या गाडीवर मागे बसून सोमवारच्या बाजाराला जाते, म्हणजे त्याची स्वतःची आई, तिला मात्र कोणी विचारलेलं नाही.

त्या ढिगातली एकेक वस्तू मी मग त्याच्यासमोर धरली. आरसे का काढले? तर म्हणे वाऱ्याला अडतात. अरे, मागून येणारा ट्रक तुला दिसला नाही, तर तो आधी कोणाला धडकणार? मागे बसलेलीलाच ना? धरायचा दांडा का काढला? तर शेपटी बारीक दिसते. मग ब्रेक दाबल्यावर मागचीने धरायचं काय? मडगार्ड कापला, म्हणजे पावसाळ्यात चिखल कोणाच्या पाठीवर? मागचीच्या! रुंद टायर टाकलाय, रिम मात्र जुनीच. त्याच्याच भाषेत सांगायचं तर जुन्या रिमवर रुंद टायर नीट बसत नाही, गाडी वळायला जड होते आणि ॲव्हरेज उतरतं. म्हणजे हँडलिंग सुधारायला निघालेल्याने हँडलिंगच बिघडवलं की.

सायलेन्सरचं तर बोलायलाच नको. आतली जाळी काढून फटाके फोडणारी गाडी रात्री अकराला गल्लीतून गेली की पाळण्यातलं बाळ आणि अंथरुणावरचे आजोबा दोघंही दचकून उठतात. गोंगाट करणाऱ्या गाडीला २०१९च्या सुधारित कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. आणि त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं की कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेला सोडून गाडीत बदल करता येत नाहीत. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने बदललेल्या गाडीवर बोट ठेवलं, तर ते भांडण कोण निस्तरणार? पुन्हा घरच्यांनीच.

आता थोडं आपल्याकडेही वळू. आपण मागे बसतो म्हणजे नुसतं सामान म्हणून बसत नाही. मागे पन्नास-साठ किलोचं माणूस बसलं की गाडीचं सगळं गणित बदलतं. मागचं चाक दबतं, पुढचं हलकं होतं, थांबायला जास्त अंतर लागतं. म्हणून तर कंपनीच्या माहितीपुस्तकात मागच्या टायरच्या हवेचे बहुधा दोन आकडे दिलेले असतात, एक एकट्यासाठी आणि एक डबलसीटसाठी. पण पंक्चरवाल्याकडे हवा भरताना 'डबलसीट असते' असं किती जण सांगतात? आपणच सांगायला हवं.

एका बाजूला पाय सोडून बसणं हाही असाच प्रश्न. त्यात आपलं वजन एकीकडे पडतं, चालवणाऱ्याला नकळत दुसरीकडे तोल द्यावा लागतो. गुडघ्यांनी गाडी पकडता येत नाही, आणि अचानक ब्रेक लागला की आपण घसरतो. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणं केव्हाही जास्त पक्कं. पण आपल्याकडे सुनेने तसं बसलं की अजूनही भुवया वर होतात. "बाईमाणसाने असं बसतात का?" हे ऐकलेल्या तुमच्यापैकी कितीतरी जणी असतील. मला विचाराल तर ज्या बाईच्या खांद्यात सळई आहे तिला भुवयांचं काही वाटेनासं होतं. ड्रेस असेल तर सरळ दोन्हीकडे पाय टाकून बसा. साडीतच जायचं असेल तर साडीगार्ड आणि डावीकडचा लांब फूटरेस्ट आहे का बघा, पदराला आणि निऱ्यांना पिन लावा, ओढणी पाठीमागे गाठ मारून आत खोचा, आणि एक हात दांड्याला राहू द्या. पिशवी मांडीवर नको, पाठीवर नाहीतर डिकीत.

आणि हेल्मेट. मला माहिती आहे, केस विस्कटतात, गजरा चुरगळतो, उकडतं. पण केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालातला २०२२चा आकडा वाचला आणि माझ्या पोटात गोळा आला. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण त्या एका वर्षात देशभरात गेले. त्यातले १४,३३७ जण गाडी चालवत नव्हते. ते मागे बसलेले होते. कायद्याने हेल्मेट दोघांनाही हवं आहे. चार वर्षांखालच्या लेकराला तर २०२३पासून हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा, दोन्ही सांगितलेलं आहे, आणि ते सोबत असताना वेग चाळीसच्या आत. आपण मात्र लेकरू दोघांच्या मध्ये चेपून बसवतो आणि वर म्हणतो, "गावातल्या गावात तर जायचंय."

पण सगळं मागच्या सीटवरूनच का बोलायचं? पुढच्या सीटवर बसणाऱ्या आता आपल्यात कितीतरी आहेत. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकने लूना काढली, तेव्हा शिक्षिका आणि नर्सबाई तिच्यावरून जाताना बघून आमच्या आईच्या पिढीने तोंडात बोटं घातली होती. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली. २००१ मध्ये ॲक्टिव्हा आली आणि मग तालुक्याच्या गावातल्या प्रत्येक गल्लीत बायकांची गाडी दिसायला लागली. पुण्यातच २०११ मध्ये 'बायकर्नी' नावाने मोटरसायकल चालवणाऱ्या बायकांचा गट उभा राहिला. २०१८च्या प्रजासत्ताक दिनाला सीमा सुरक्षा दलाच्या मुलींनी दिल्लीत साडेतीनशे सीसीच्या बुलेटवर कसरती केल्या, त्या आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी, नथ आणि फेटा घालून बुलेट चालवणाऱ्या मुलींचे फोटो तर दरवर्षी पहिल्या पानावर येतात. छानच आहे ते. पण पाडवा एक दिवसाचा. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस अंगणवाडीला, शाळेला, बाजाराला, दवाखान्यात जाणाऱ्या गाडीचं काय?

आपण गाडी घ्यायला गेलो की दुकानातला मुलगा आधी रंग दाखवतो. "मॅडम, यात गुलाबी आहे, आकाशी आहे." आपणही खुश! यापुढे मात्र त्याला म्हणा, रंग नंतर, आधी मला बसून बघू दे. दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का? मधल्या स्टँडवर गाडी माझी मला लावता येते का? ब्रेकची मूठ माझ्या बोटांना पोहोचते का? आपल्या गावचे रस्ते खड्ड्यांचे, तर चाक केवढं आहे? स्कूटरची चाकं साधारण दहा-बारा इंचांची, मोटरसायकलची सतरा-अठरा इंचांची. मोठं चाक खड्डा ओलांडून जातं, लहान चाक त्यात उतरतं. म्हणून स्कूटर खड्ड्यातून नेताना वेग कमी हवा. हे रंगापेक्षा महत्त्वाचं नाही का?

आणि तो एक जुना सल्ला, "पुढचा ब्रेक लावू नकोस, पालथी पडशील." हा सल्ला मलाही मिळाला होता. अर्धवट आहे तो. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे गाडी थांबवण्याचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. नुसता मागचा दाबला तर चाक घसरतं आणि गाडी लांब जाऊन थांबते. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू जोर वाढवत दाबायचे. वाळूवर, ओल्या रस्त्यावर आणि वळणावर मात्र पुढचा जपून. एप्रिल २०१९पासून विकल्या जाणाऱ्या सव्वाशे सीसीपर्यंतच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक जोडूनच येतात, त्याहून मोठ्यांना एबीएस. पण आपल्यापैकी बहुतेकींच्या हातात घरातली जुनी गाडी असते. तिला ही सोय नसते, म्हणून हे आपल्याला माहिती हवं.

घरच्या घरी करता येण्यासारखंही पुष्कळ आहे. आरसे आपल्या उंचीला बसवून घ्यायचे. घरात तिघं एकच गाडी वापरतात आणि आरसे कायम यांच्या उंचीचे, असं नको. आठवड्याला हवा तपासायची. ब्रेकची मूठ फार आत येत असेल तर ब्रेक सैल झालाय, मेकॅनिककडून आवळून घ्यायचा. मोटरसायकल असेल तर चेन बोटाने वर-खाली करून बघायची. दोन-तीन सेंटिमीटर हलली तर ठीक, त्याहून जास्त लोंबली तर ताणून घ्यायची. शिलाई मशीनला तेल देणारी, मिक्सरचं ब्रश बदलणारी, कुकरची शिट्टी खोलून साफ करणारी बाई हे करू शकत नाही असं कोणी म्हटलं तर हसून सोडून द्या.

तर आमच्या अंगणात पुढे काय झालं? मी त्या पोरांना माझ्या हाताची गोष्ट सांगितली. पुतण्याला माहीत होतं की काकूचा हात वर जात नाही. का जात नाही हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. घरात त्याचा विषयच निघत नसे. वेंधळेपणाची गोष्ट कोण मुलांना सांगतं? तो काही बोलला नाही. मान खाली घालून पाने गोळा करत राहिला. बुलेटवाला मात्र उठून आपल्या गाडीकडे गेला, वाकून मागच्या चाकाकडे बघितलं आणि परत येऊन बसला. त्याची नवीन गाडी आहे, आणि महिन्याभरात तिचं लग्न म्हणजे त्याच्या बहिणीचं लग्न आहे. करवली डबलसीटच फिरणार आहे सगळीकडे.

मंगळवारी बघते तर पल्सरला साडीगार्ड चढला होता. काळ्या रंगाचा हात मारलेला, वर पुतण्याची मल्लिनाथी, "काकू, मॅट ब्लॅक केला. आता लूकही जात नाही." धरायचा दांडाही बसला. आरसा मात्र एकच आलाय, दुसऱ्याचा नट हरवला म्हणे. रोज विचारते आहे. मडगार्ड कापलेलाच आहे, पावसाळ्यापूर्वी बदलतो असं वचन मिळालंय.

जाऊबाईंना हे सगळं कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, मी सहा महिने त्या गाडीवर बसतेय. काहीतरी कमी आहे असं वाटायचं. पण म्हटलं, आपल्याला काय कळतंय गाडीतलं!" इतकी वर्षं मीही हेच म्हणत आले होते.

म्हणून आज हे लिहितेय. या रविवारी घरातली गाडी अंगणात उभी असेल तेव्हा एकदा तिच्याभोवती फिरून या. साडीगार्ड आहे का? धरायला मूठ आहे का? फूटरेस्ट घट्ट आहे का? आरसे दोन आहेत का? जे नसेल ते मुलाला, नवऱ्याला, दिराला विचारा, आणि नुसतं विचारू नका, लावून घ्या. "पदर सांभाळ" असं कोणी म्हणालं तर खुशाल म्हणा, पदर मी सांभाळते, तुम्ही साडीगार्ड लावा.

आणि हो, तुमच्या गाडीची गोष्ट आम्हाला जरूर कळवा. पुढच्या सीटवरची असो नाहीतर मागच्या. पत्ता नेहमीचाच.